नातू पेटीजवळ बसत नाही. माझे काय चुकते आहे?

पेटीवाला, फोंडा

सर्वांना नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, परंतु येथे गाणारी-वाजवणारी बरीच मंडळी असल्यामुळे संकोच सोडून विचारतो. मी फोंडा तालुक्यातील एका गावात राहतो. निवृत्त लेखनिक आहे आणि गेली चाळीस वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, प्रसंगी गातोही. मुलगा आणि सून नोकरीसाठी सकाळी आठलाच पणजीची बस धरतात, त्यामुळे सव्वातीन वर्षांचा नातू बालवाडीचे दोन तास वगळता दिवसभर आम्हा दोघांपाशी असतो. आपल्याला जे थोडेफार येते ते याच्या कानांवर वेळेवर पडावे, एवढीच इच्छा धरून मी तीन महिन्यांपूर्वी रोज दिवेलागणीच्या आधी त्याला पेटीशेजारी बसवू लागलो.

घडते ते असे. मी पांढरी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा, षड्ज धरतो आणि त्याला ‘सा म्हण’ असे सांगतो. पहिल्या दिवशी त्याने तो म्हटला, पण भलत्याच सुरात. दुसऱ्या वेळी तो नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला आणि तिसऱ्या वेळी दोन्ही पंजे पट्ट्यांवर आपटून खदखदून हसला. मी हात धरून बाजूला केले की तो पेटीच्या मागे जातो आणि भात्याला गाल लावून बसतो. का, ते मला आजवर कळलेले नाही. अलीकडे तर मी पेटीवरचे कापड काढताच तो परसात पळ काढतो.

याउलट माझ्या पत्नीला सुराचे अंग नाही, आणि हे ती स्वतःच सांगते. पण त्याला भरवताना, अंगरखा घालताना ती मनाला येईल ते काहीबाही म्हणत असते. ‘पहिले बुतांव लागले, दुसरे बुतांव पळाले’ अशा धर्तीचे ते असते (बुतांव म्हणजे गुंडी). त्याला चाल अशी नाहीच, बोलणे आणि गाणे यांच्यामधले काहीतरी आहे. तो मात्र नेमका तेव्हाच गुणगुणतो, शेवटच्या बुतांवाला तिच्याआधी ओरडतो आणि ‘परत’ म्हणतो. मला थोडा मत्सर वाटतो, हे लपवीत नाही.

गेल्या आठवड्यात त्याला देवळातल्या भजनी सप्ताहाला नेले. झांजा सुरू होताच त्याने कानांवर हात ठेवले आणि असा काही आकांत मांडला की मला दुसऱ्या अभंगाला पेटी सोडून घरी यावे लागले. ‘भजन्याच्या घरात हे कसले पोर’ असे कुणीतरी मागून म्हटलेही. शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. घरात आम्ही कोकणी बोलतो, माझी सारी भजने मराठी, आणि पुढे शाळा इंग्रजी होणार. ज्याचा अर्थ त्याला लागत नाही ते त्याच्यापुढे गावे की नाही? त्याला गाण्याची आवडच नाही असे समजून हे सोडून द्यावे, की आणखी काही वर्षे थांबावे?

गायनशिक्षिका, म्हापसा

नमस्कार काका. मी बावीस वर्षे लहान-मोठ्यांना गाणे शिकवते आणि दर वर्षी जूनमध्ये तीन-साडेतीन वर्षांच्या नातवंडाचा हात धरून आलेले तीन-चार आजी-आजोबा तरी माझ्या दारात असतात. त्यांना मी परत पाठवते, म्हणून माझ्याविषयी थोडी नाराजीही आहे. तुम्ही लिहिले आहे त्यात मुलाला गाण्याची आवड नसल्याची एकही खूण मला दिसली नाही. भात्याला गाल लावणारे मूल गाण्यापासून पळत नाही, ‘सा म्हण’ या परीक्षेपासून पळते.

आधी सुराचे बोलते, कारण तेथे तुमची एक अडचण अगदी व्यवहारातली आहे. तुमची पांढरी चार तुमच्या गळ्याला शोभत असेल, पण या वयाचे मूल सहजपणे जे सूर लावते ते साधारणपणे पांढरी दोनपासून त्याच सप्तकातल्या पांढरी सहापर्यंतचे असतात, आणि तेही तुमच्यापेक्षा एक सप्तक वर. म्हणजे तुम्ही पांढरी चारचा सा धरून पंचमापर्यंत गेलात की त्याला त्याच्या पल्ल्याच्या बाहेरचे चढावे लागते. आणि तो तुमच्याच सप्तकात उतरू पाहील तर त्याच्या गळ्यातून आवाजच निघणार नाही, नुसती हवा येईल. त्याने ‘भलत्याच सुरात’ म्हटलेला सा हा बहुधा त्याला झेपेल असा शोधून काढलेला सूर होता. काही महिने काळी एक किंवा पांढरी दोनचा षड्ज धरून पाहा आणि सा ते प या पाच सुरांत मावेल एवढेच गा. ज्या अभंगांची उठावणी तार षड्जावर आहे ते सध्या मंडळासाठी राखून ठेवा.

त्याला सूर सापडतो की नाही याची काळजी तर मुळीच करू नका. बहुतेक मुलांचा गळा सहा-सात वर्षांपर्यंत डळमळीतच असतो. कान मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तयार होत असतो. गर्भातल्या बाळालाही साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात, आणि जन्मलेले बाळ आईचा आवाज इतरांच्या आवाजांतून ओळखते. तेव्हा तीन वर्षे ज्या घरात पेटी वाजली त्या घरातल्या मुलाने पेटी ऐकली नाही असे होत नाही.

आता एक उलटा प्रयोग सांगते. त्याला म्हणायला सांगण्याऐवजी तो जे म्हणेल ते तुम्ही वाजवा. त्याने खेळताना ‘भूं’ असा गाडीचा आवाज काढला तर तो सूर पेटीवर शोधा, नुसता तेवढाच वाजवा आणि थांबा. थांबणे महत्त्वाचे आहे, कारण आपण मोठी माणसे ती जागा लगेच भरून टाकतो. तो वळून पाहील, मग दुसरा आवाज काढील, बहुधा मुद्दाम अवघड; तोही शोधा, चुकलात तर हसा. माझ्या अनुभवात चौथ्या-पाचव्या दिवशी मूल पेटीशेजारी येऊन बसते, कारण तेथे त्याचे ऐकले जाते. तुमच्या घरी काकू नेमके हेच करतात. त्या त्याच्या हाताच्या गतीने म्हणतात, त्याने ‘परत’ म्हटले की परत म्हणतात आणि शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडतात. त्या शेवटच्या बुतांवासाठी थांबणे ही समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, ओळख आहे, काका, ती त्यांनी सा-रे-ग-मशिवाय करून दिली आहे.

भाषेविषयी मला विशेष बोलावेसे वाटत नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घरात कोकणी आणि देवळात मराठी असेच चालत आले आहे, आणि आपण कोणीही पाचव्या वर्षी अभंगाचा अर्थ जाणून टाळी वाजवत नव्हतो.

झांजांच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे नातवाच्या बाजूची आहे. 85 डेसिबलच्या वरचा आवाज फार वेळ कानांवर पडणे मोठ्यांनाही अपायकारक असते आणि बंद सभामंडपात पितळी झांजांच्या दहा जोड्या त्याच्या बऱ्याच वर जातात. तुमचे कान चाळीस वर्षांत सरावले आहेत, सरावले म्हणजे थोडे मंदावलेही असतील. त्याचे नवे आहेत. त्याला सभामंडपात न बसवता बाहेर पटांगणात, दीपस्तंभाच्या पलीकडे घेऊन बसा. तेथून तेच भजन ऐकताना तो डोलू लागेल.

पेटीवाला, फोंडा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एकच शंका आहे: पांढरी दोनमध्ये माझा आवाज पडतो, गाण्याला उठाव राहत नाही.

गायनशिक्षिका, म्हापसा

राहू नये. तुम्ही बैठकीला बसलेले नाही आहात, त्याच्यापासून हातभर अंतरावर आहात.

दोन मुलांची आई, मडगाव

मी सुनेच्या पिढीतली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझे सासरे उत्तम गातात आणि माझी मुले त्यांच्याजवळ वाढावीत असे मला मनापासून वाटते. परंतु संध्याकाळी साडेसहाला थकून घरी आल्यावर मूल रडवेले दिसते आणि ‘आज याने रियाज केला नाही’ अशी तक्रार ऐकावी लागते, तेव्हा संगीतावरचे माझे प्रेम आटते. दिवेलागणीच्या आधीची वेळ ही लहान मुलांची सर्वांत वाईट वेळ असते. दुपारची झोप अपुरी झालेली असते, भूक लागलेली असते आणि आईबापांची वाट पाहणे चाललेले असते. आमच्याकडे सासऱ्यांनी बैठक दुपारच्या झोपेनंतर, दुधाच्या पेल्याच्या आधी हलवली आणि निम्मी कटकट संपली.

भ्रमणध्वनीचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण तो प्रत्येक घरात असतोच, म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा अधिक वेळ नको आणि जितका कमी तितका बरा, असे म्हटले आहे. आमच्या घरी तो तास बालगीतांच्या चित्रफितीच खाऊन टाकत होत्या. त्या मी एकाएकी बंद केल्या नाहीत. सासऱ्यांना एवढेच सुचवले की त्यातलेच एखादे गाणे त्यांनी पेटीवर वाजवावे. त्यांना ते कमीपणाचे वाटले, दोन दिवस ते बोललेही नाहीत. तिसऱ्या दिवशी वाजवले. मुलीने पडद्याकडे आणि आजोबांकडे आळीपाळीने पाहिले आणि त्यांना ‘तुम्हाला हे कसे येते’ असे विचारले. त्यानंतर आजोबांना काय काय येते हे तपासून पाहणे हा तिचा खेळ झाला आणि चित्रफीत मागे पडली. अजूनही कधी कधी लागते, नाही असे नाही.

कुर्डीची आजी, वाडे-सांगे

मी कधी गाणे शिकले नाही. नातीने टंकलेखनाला मदत केली आहे, चुका दिसल्या तर तिच्या समजाव्यात. माझे माहेर आणि सासर दोन्ही कुर्डी. मोगूबाई कुर्डीकर 1904 साली ज्या गावात जन्मल्या तेच ते. साळावली धरणाच्या पाण्याखाली आमचा गाव 1986 च्या सुमारास गेला आणि आम्ही येथे वाड्याला येऊन राहिलो. मे महिन्यात पाणी ओसरले की सोमेश्वराच्या देवळाची जागा वर येते, तेव्हा गावची माणसे तेथे जमतात आणि उत्सव करतात.

आमच्याकडे पौषात धालो असत. रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागी, बायका समोरासमोर दोन रांगा करून, एकमेकींच्या कमरेला हात घालून पुढे-मागे झुलत गात. एका रांगेने म्हटलेले दुसरीने उचलायचे. मी माझ्या सासूच्या बाजूला उभी राहून शिकले, म्हणजे शिकले असे नव्हे, तिच्या कमरेचा झोका माझ्या कमरेला कळत असे आणि ओळ आपोआप तोंडात येत असे. शब्द विसरले तरी झोका चुकत नसे. नात दीड वर्षाची असताना मी तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात तसेच पुढे दोन पावले, मागे दोन पावले करीत म्हणू लागले. पेज शिजेपर्यंत ते चाले. ती माझ्या खांद्यावर तोंड ठेवून एकच सूर धरायची, मी म्हणणे थांबवले तरी तिचा सूर चालूच राहायचा. आता ती नऊ वर्षांची आहे आणि समोरच्या रांगेत उभी राहते. समोरच्या रांगेत ती एकटीच आणि अलीकडे मी एकटीच, पण धालो होतो.

तुमच्या नातवाला बसवून का ठेवता, भाऊ? मूल उभे राहून गाते. चवथीला मुलींची फुगडी चालते तिच्यात शेवटी वेग वाढला की ‘फू फू’ होते, ते तर दोन वर्षांच्या पोरालाही जमते. तुमचे गुडघे चालत असतील तर त्याचे दोन्ही हात धरून हळूहळू फिरा. नसतील तर खुर्चीत बसून त्याला पायांवर झुलवा. पेटी काही पळून जात नाही.

मे महिन्यात मी नातीला कुर्डीला घेऊन गेले होते. आमच्या मांडाची जागा मला दाखवता आली नाही, सगळीकडे भेगाळलेला चिखल आणि झाडांचे बुंधे. तिने विचारले, कोठे उभे राहू? मी म्हटले, येथेच असेल. आम्ही दोघींनी तेथे चार ओळी म्हटल्या.

तबलावादक, बांदोडे

येथे सर्वांचे एकमत होत चाललेले पाहून मला थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. ‘शिकवू नका, नुसते गा’ हे ऐकायला गोड आहे, परंतु माझ्या आजोबांनी मला चौथ्या वर्षी मांडीवर बसवून तबल्याचे बोल म्हणायला लावले नसते तर मी आज तबल्यावर बसलो नसतो. गोमंतकातल्या कितीतरी घरांत विद्या अशीच खाली आली आहे आणि त्या आजोबांना मुलांचे मन कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेटीवाल्यांना आपले भजन पुढे जावे असे वाटते, यात वावगे काय आहे?

माझे म्हणणे एवढेच की त्यांनी चुकीच्या टोकापासून आरंभ केला. तीन वर्षांच्या मुलाला सूर धरून ठेवता येत नाही, पण बोल म्हणता येतात. केरवा तालाच्या आठ मात्रा, धा गे ना ती ना के धी ना, हे त्याला एखाद्या गमतीच्या मंत्रासारखे वाटते, आणि ‘तिरकिट’ म्हणताना जीभ अडखळली की तो दहा वेळा स्वतःच म्हणून पाहतो. हे शिकवणेच आहे. मात्र मुलाला त्याचा वास येत नाही. लय थोडी चढी ठेवावी. लहान मुलांची स्वाभाविक लय आपल्यापेक्षा जलद असते, त्यांचे चालणे पाहिले तरी ते कळते. आपण त्यांना भजनी ठेक्याच्या ठाय, म्हणजे संथ, लयीत बसवतो आणि मग ते चुळबुळतात म्हणून रागावतो.

दुसरे घुमट या आपल्या मातीच्या वाद्याविषयी. चवथ तोंडावर आली आहे. कुंभाराकडून लहान घुमट घ्या. एका बाजूच्या मोठ्या तोंडावर चामडे आणि दुसऱ्या बाजूचे लहान तोंड उघडे, एवढी साधी रचना असल्यामुळे उघड्या तोंडावर डावा तळवा ठेवला आणि काढला की आवाज कसा बदलतो हे मुलाला पहिल्याच मिनिटात स्वतःच्या हाताने समजते. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालेले असल्यामुळे आता बकऱ्याचे लावतात, तेवढे विचारून घ्या. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. ते मातीचे असते आणि पहिले फुटणारच, म्हणून दोन घ्या.

गायनशिक्षिका, म्हापसा

तबलावादकांशी माझा मतभेद वाटतो तेवढा नाही. फक्त मांडीवर बसवलेल्या ज्या मुलांना पुढे तबला आला, तीच आज बोलतात. जी मांडीवरून उठून गेली त्यांचे मत आपल्याला कोणी कळवीत नाही. त्यांतली काही माझ्या वर्गात चाळिशीत येतात.

सप्ताहवाला, वास्को

माझी नात साडेपाच वर्षांची आहे आणि पुण्याला असते, म्हणून माझी कथा वेगळी. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दामोदराचा सप्ताह, म्हणजे चोवीस तासांचे अखंड भजन, सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली ती परंपरा आहे. दर वर्षी ती त्यासाठी येते. उरलेले वर्ष आम्ही दृक्श्राव्य दूरभाषवर भागवतो. तेथे दोघांनी एकत्र गाण्याचा प्रयत्न मी वर्षभर केला आणि वर्षभर भांडणे झाली, कारण आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतो आणि प्रत्येकाला दुसरा मागे पडतो असे वाटते. आता आम्ही एकत्र गातच नाही. मी एक ओळ म्हणून थांबतो, ती पुढची म्हणते, अगदी दिंडीत म्हणतात तसे. तानपुरा लावला तर यंत्राला तो पंख्याचा आवाज वाटतो आणि ते त्याला गाळून टाकते; काही उपयोजनांत मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते, ती मुलाकडून लावून घेतली.

पेटीवाले फोंड्याचे आहेत, म्हणून त्यांच्या तालुक्यातलीच एक गोष्ट सुचवतो. केरीच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीची ध्वनिमुद्रिका 1977 साली अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. अग्निबाणांचे वेड असलेल्या माझ्या नातीला मी हे सांगितले आणि मग ते गाणे लावले. जेमतेम साडेतीन मिनिटांचे आहे, तेवढा तिचा धीर टिकतो. पहिल्यांदा तिने विचारले की तेथे ऐकायला कोण आहे. दुसऱ्या दिवशी तिने विचारले की त्या आजीला हे कळले का. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या, व्हॉयेजर एक सुटल्यानंतर अवघ्या काही दिवसांनी. मी तिला खरे तेच सांगितले. त्यानंतर ती मला ते गाणे ‘वरचे गाणे’ म्हणून मागते आणि त्यातली एक जागा, जेथे आवाज खाली उतरतो, ती न चुकता हाताने दाखवते. मी तिला भैरवीचे स्वर सांगितलेले नाहीत. सांगावेत असे रोज वाटते.

पेटीवाला, फोंडा

चवथ आटोपली, म्हणून आता सवडीने लिहितो. सर्वांचे ऐकले, सगळेच केले असे नाही.

बैठक दुपारी साडेतीनला हलवली. पहिले चार दिवस मी पेटी काढून नुसता वाजवत बसलो, त्याला बोलावले नाही. पाचव्या दिवशी तो नेहमीप्रमाणे मागे जाऊन भात्याला गाल लावून बसला, तेव्हा मीही वाजवायचे थांबवून तेथे गाल लावून पाहिला. चाळीस वर्षांत कधी लावला नव्हता. भाता मिटताना आतली पाती थरथरतात ती गालाला कळतात, आणि कडेच्या जुन्या चिरेतून थोडी हवा येते. ‘आजो, ती श्वास घेते,’ असे तो म्हणाला. त्या दिवसापासून भाता त्याच्याकडे आणि पट्ट्या माझ्याकडे अशी वाटणी आहे. तो मध्येच हात सोडतो आणि सूर मरतो, मग दोघेही थांबतो. पांढरी दोनची सवय झाली आहे, उठाव गेला तो गेलाच.

पत्नीच्या बुतांवाच्या गाण्याला मी सा, रे, ग आणि प या चार सुरांची चाल लावली. नातू शेवटचा शब्द आता पंचमावर ओरडतो आणि बहुतेक वेळा तो पंचमच असतो. पत्नीचे म्हणणे असे की मी तिचे गाणे बिघडवले; ती अजून तिच्याच पद्धतीने म्हणते आणि तो दोघांकडून दोन वेगवेगळी गाणी असल्यासारखी ऐकतो.

चुकाही केल्या. पाहुणे आले असताना मी त्याला ‘म्हणून दाखव’ असे सांगितले आणि तो टेबलाखाली जाऊन बसला, तो पाहुणे जाईपर्यंत बाहेर आला नाही. त्यानंतर तीन दिवस भात्याला हात लावला नाही. शिक्षिकाबाईंना हे वाचून काय वाटेल ते मी समजू शकतो.

आरतीच्या वेळी माझ्या चुलत भावांचे घुमट, शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे ही झांज यांचा गजर सुरू झाला तेव्हा त्याला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली, न ठेवता पत्नी बाहेर सोप्यावर घेऊन बसली होती. लहान घुमट त्याच्या मांडीवर होते. पहिल्या दिवशी त्याने ते नुसते धरून ठेवले. तिसऱ्या दिवशी मी आतून पाहिले तर तो उघड्या तोंडात पेरूच्या फोडी भरून पुन्हा बाहेर काढत होता आणि अधूनमधून, आपल्याच कसल्याशा हिशेबाने, एक थाप मारत होता. पहिले घुमट पाचव्या दिवशी फुटले. तबलावादकांचा अंदाज खरा ठरला.

आता नवी अडचण अशी की दोघांच्या ओढाताणीत ती जुनी चीर वाढली आहे आणि भाता एका अंगाने फुसफुसतो. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजूला चामड्याचे काम नीट करणारा कारागीर कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे. दुरुस्तीला दिली तर आठवडाभर पेटी घरात नसणार, आणि तेवढे दिवस ती कोठे श्वास घेते आहे म्हणून त्याला सांगावे, हेही कोणी सुचवले तर बरे होईल.